शून्यावरचा फेडर म्हणजे बंद माइक नव्हे

परभणी, नांदेड, बीड, कुठल्याही आकाशवाणीचा स्टुडिओ बघून आलेला माणूस सांगतो, "मिक्सरचा दांडा शून्यावर होता, म्हणजे माइक बंदच की!" आमच्याकडं मांडवातले साउंडवालेही कित्येक वर्षं हेच सांगत आलेत. आहे नेमकं उलटं.

फेडर म्हणजे मिक्सरवरचा हाच सरकता दांडा. त्यावरचं शून्य म्हणजे आवाज ना वाढवला, ना घटवला. आला तसा पुढे सोडला. बंद जागा पार तळाशी, आडव्या आठसारख्या अनंताच्या चिन्हापाशी. शून्याच्या वर बहुतेक कन्सोलवर, म्हणजे मिक्सरवर, जेमतेम 10 डेसिबलची जागा असते. मग माइकमधून येणारे काही मिलिव्होल्ट मोठे होतात कुठे? वरच्या गेनच्या नॉबपाशी. तिथं 60 डेसिबल दिले की व्होल्टेज 1000 पट! गेन कमी ठेवून नुसता फेडर रेटला, तर आवाजाबरोबर कन्सोलची खरखरही वर येते. म्हणून निवेदकाला आधी दोन वाक्यं बोलायला लावून गेन बसवतात. फेडर मग शून्याच्या आसपासच खेळतो.

बीबीसीच्या जुन्या कन्सोलवर तर फेडर स्वतःकडे ओढला की माइक सुरू व्हायचा. तिथं आमच्या मांडववाल्याची भंबेरीच उडाली असती.