सूर्यामागे वळणारं पॅनेल उन्हात का अडतं?

खोलीत टॉर्चच्या उजेडात झकास वळणारं सोलर पॅनेल जळगावात वैशाखाच्या उन्हात घराच्या धाब्यावर ठेवलं की जागचं हलत नाही. सर्व्हो (पॅनेल वळवणारी छोटी मोटर) बिघडलेला नसतो. एलडीआरचे, म्हणजे उजेड वाढला की रोध कमी होणाऱ्या सेन्सरचे, डोळे दिपलेले असतात.

सामान थोडं लागतं: आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एसजी९० सर्व्हो, दोन एलडीआर, दोन रेझिस्टर, तळहाताएवढं सोलर पॅनेल. एलडीआर पॅनेलच्या कडेला चिकटवा, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, मध्ये ४ सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याची भिंत. सूर्य सरकला की भिंतीची सावली एकावर पडते आणि त्याचा रोध वाढतो. एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ए० पिनला. तिथूनच रेझिस्टर ग्राउंडला (ऋण टोकाला). दुसरा एलडीआर असाच ए१ला.

घोळ इथेच होतो. बहुतेक आकृत्यांत रेझिस्टर १० किलोओहमचा असतो. समजा भर उन्हात एका एलडीआरचा रोध १०० ओहम उरला, दुसऱ्याचा १५०. पिनवरचं व्होल्टेज आर्डुइनो ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो; इथे तो वाचतो १०१३ आणि १००८. फरक अवघा ५! रेझिस्टर २२० ओहमचा लावा, तेच आकडे ७०३ आणि ६०८ होतात. आता ९५चा फरक प्रोग्रामला स्पष्ट दिसतो.

फरक ४०च्या वर गेला तरच सर्व्हो १ अंश हलवा, तोही मिनिटातून एकदा. सूर्य १ अंश सरकायला ४ मिनिटं घेतो, घाई कशाला? ४०ची सूट ठेवली नाही तर सर्व्हो दिवसभर थरथरतो, तापतो, प्लास्टिकचे दाते झिजतात. पॅनेल उन्हाकडे पाठ फिरवत असेल तर ए० आणि ए१च्या वायरी अदलाबदल करा. अंधार पडला की पॅनेल पूर्वेकडे परत आणायची ओळ प्रोग्राममध्ये हवीच, नाहीतर सकाळी ते पश्चिमेलाच तोंड करून बसतं.

सर्व्होची लाल वायर उनोच्या ५ व्होल्ट पिनला जोडू नका. अडकलेला सर्व्हो अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि उनो रिसेट होत राहतो. त्याला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा मोबाईल चार्जर वेगळा द्या. तपकिरी वायर चार्जरच्या आणि उनोच्या, दोन्ही ग्राउंडला जोडा. हे राहिलं तर नारिंगी वायरीतला सिग्नल सर्व्होला कळतच नाही.

पॅनेल मध्यावर तोलून बसवा, म्हणजे वाऱ्याचा झटका सर्व्होवर कमी येतो. पॅनेल जिच्याभोवती फिरतं ती आस उत्तर-दक्षिण ठेवा. जळगाव २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरअखेरीस दुपारचा सूर्य माथ्यापासून सुमारे ४४ अंश दक्षिणेला असतो. तेव्हा आस तेवढी दक्षिणेकडे झुकवा. मेअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा ती आडवी ठेवा.