वर्णन करणारे डोमेन आणि नाममुद्रा होणारे डोमेन

संकेतस्थळासाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्त्याचे नाव, निवडताना दोन गुणांची हमखास गल्लत होते. नाव वाचताच व्यवसाय कळणे हा एक गुण आहे, तर नाव ऐकताच एकच विशिष्ट व्यावसायिक आठवणे हा दुसरा. पहिला गुण असलेल्या नावाला वर्णनात्मक म्हणतात आणि दुसरा गुण असलेले नाव नाममुद्रा, म्हणजेच ब्रँड, होऊ शकते. बहुतेक जण पहिल्यावरून दुसरा गृहीत धरतात आणि सोपे, अर्थवाही नाव मिळाले की आपला ब्रँड तयार झाला असे समजतात.

समजा, कोल्हापुरातील एका व्यापाऱ्याने ‘कोल्हापुरी गूळ’ या शब्दांचे डोमेन घेतले. ग्राहकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही, ही त्या नावाची खरी ताकद आहे. परंतु नोंदणीने त्याला मिळते ती केवळ ती अक्षरे आणि ‘डॉट कॉम’सारखे शेवटचे शेपूट यांची जोडी. मध्ये आडवी रेघ घालून किंवा ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट इन’ लावून शेजारचा व्यापारी तेच नाव घेऊ शकतो. शिवाय कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाशी जोडलेली सामाईक ओळख, आहे, त्यामुळे त्या शब्दांवर एकट्याचा हक्क सांगणे मुळातच अवघड आहे. सर्चमध्ये वर येण्यासाठी अशी नावे घेण्याची प्रथा होती, पण शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या, मात्र आत दर्जेदार मजकूर नसलेल्या संकेतस्थळांना मागे सारणारा बदल गूगलने सप्टेंबर 2012 मध्ये केला आणि तो फायदाही बराच आटला.

या फरकाला आपल्याकडे कायद्याची बाजूही आहे. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार वस्तूचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा नाकारली जाते. दीर्घ वापराने त्याला स्वतंत्र ओळख मिळाली असेल, तरच अपवाद होतो. न्यायालयांत गेलेली तीन नावे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

‘सिफी’ हा शब्द सत्यम इन्फोवे या कंपनीच्या नावातील अक्षरे जुळवून घडवलेला होता. दुसऱ्या एका कंपनीने ‘सिफीनेट’ असे डोमेन, एक ‘एफ’ वाढवून, घेतले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डोमेननावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले आणि निकाल सत्यम इन्फोवेच्या बाजूने दिला. शब्द घडवलेला असल्यामुळे तो दुसऱ्याला सहज सुचला असेल, असे म्हणायला फारशी जागाच नव्हती.

‘नौकरी डॉट कॉम’ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द रोजच्या बोलण्यातला, तरीही ‘क’ आणि ‘र’ यांच्यामध्ये एक ‘ए’ घालून तेच नाव वापरणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये मनाई केली, कारण वापराने त्या शब्दाला त्या संकेतस्थळाशी जोडलेला दुसरा अर्थ मिळाला होता. याउलट ‘शादी डॉट कॉम’ने ‘सेकंड शादी’ या डोमेनविरुद्ध मागितलेली अंतरिम, म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंतची, मनाई मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये नाकारली. शादी म्हणजे लग्न, हा मूळ अर्थ लोकांच्या मनातून हटलेला नव्हता. माझ्या मते नवउद्योजकाने सर्वाधिक विचार करावा तो या दोन निकालांच्या फरकाचा: वर्णनात्मक शब्द कधी कधी ब्रँड होतो, पण तो केव्हा झाला हे मालकाला पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध होईलच याची हमी नसते.

घडवलेल्या नावाची अडचण उलटी असते. ते आरंभी रिकामे असते आणि त्यात अर्थ भरण्यासाठी पैसा व वर्षे खर्ची पडतात. ज्याचा व्यवसाय एका तालुक्यापुरता आहे आणि जाहिरातीला पैसा नाही, त्याने वर्णनात्मक नाव घेण्यात मला गैर वाटत नाही. मात्र व्यवसाय पसरणार असेल तर वर्णन अडचणीचे ठरते. खाद्यपदार्थांशी संबंधित ‘फूडीबे’ या संकेतस्थळाने 2010 मध्ये ‘झोमॅटो’ हे नाव घेतले. जुन्या नावात खाद्यपदार्थही होते आणि शेवटी ‘ईबे’ या दुसऱ्या कंपनीच्या नावाची अक्षरेही. नव्या नावात दोन्ही नाहीत.

मराठी शब्दांचे डोमेन तोलताना आणखी एक कसोटी लावावी लागते, आणि ती दोन्ही प्रकारच्या नावांना सारखीच लागू आहे: नाव फोनवर सांगितले तर ऐकणारा ते रोमन अक्षरांत बरोबर टाईप करील का? ‘ज्ञान’ मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, हिंदी भाषक ‘जी-वाय’ने. ‘व’साठी कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’, आणि ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतःचे अक्षरच नाही. ‘नौकरी’ हे रूपदेखील मराठी कानाला ‘नोकरी’ असे ऐकू येते.

2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ उपलब्ध आहे. त्यात रोमन वर्तनीचा प्रश्न सुटतो, पण ऱ्हस्व-दीर्घाचा उभा राहतो. दीर्घ ऊकाराचा ‘गूळ’ आणि ऱ्हस्व उकाराचा ‘गुळ’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत. प्रमाण रूप पहिले असले तरी ‘गुळाचा’, ‘गुळाला’ या रूपांमुळे अनेकांच्या हातून दुसरेच टाईप होते. असे नाव घेणाऱ्याने दोन्ही रूपे एकाच दिवशी नोंदवावीत.