ॲरिस्टॉटल सापडेना

गेल्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो होतो. बी.ए.च्या एका मुलीने शोधाच्या संगणकावर 'ॲरिस्टॉटल' टाइप केलं. उत्तर आलं, ० नोंदी. ती जायला वळणार तेवढ्यात देवघेवीच्या टेबलामागचे काका उठले, १८५ क्रमांकाच्या कप्प्यापाशी गेले आणि पुस्तक घेऊन आले. "आठेच शे ना ताई!" मुलगी खूश. मी मात्र त्या शून्यापाशीच अडकलो.

ग्रंथालय डिजिटल झालं म्हणजे काय, असं विचारलं की हल्ली सगळे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'कडे बोट दाखवतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ही ६,००० कोटींची योजना आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तिच्यातून मिळतात. उत्तमच. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने त्याच्या कितीतरी आधी 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध खुले केले. पण यातला बहुतेक ऐवज इंग्रजी. आपल्याच कपाटातलं मराठी पुस्तक आपल्याच यंत्रात सापडतं का, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर अक्षराच्या पोटात आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना असे क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात 'अ' म्हणजे २३०९ आणि डोक्यावरचा चंद्र म्हणजे २३७३. बरीच वर्षं लोक हे दोन एकापुढे एक टाकून 'अॅ' लिहीत. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला, २४१८. बहुतेक फॉन्टांत दोन्ही हुबेहूब दिसतात. पण शोधताना यंत्र चित्र पाहत नाही, आकडे ताडतं. शेजारच्या दोन वावरांत सारखीच केळी उभी असली तरी सातबाऱ्यावर गट नंबर वेगळे. केळी सारखी म्हणून वावर एक होत नाही!

ग्रंथपाल मॅडमनी जुनी नोंद उघडून दिली. मी पहिल्या अक्षरामागे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबलं, तर नुसता चंद्र उडाला आणि 'अ' तसाच राहिला. मुलीने टाइप केलेल्या शब्दावर तेच केलं, तर अख्खं अक्षर गेलं. चोर सापडला. तुमच्या संगणकावरही करून बघा.

युनिकोडच्या आधीची गंमत तर याहून मोठी. कृतिदेवसारख्या फॉन्टात 'कविता' लिहिली की साठवली जातात ती डी, एफ, ओ, आर, के ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी सोंग देतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. त्यातही वेलांटी डावीकडे दिसते म्हणून तिचा एफ 'व'च्या आधी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'व' (२३५७), मग वेलांटी (२३६७). म्हणजे जुन्या नोंदी बदलताना आकडे पालटून भागत नाही, प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे नेऊन ठेवावी लागते.

उपाय आहे. छापील नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि शोधासाठी पडद्याआड त्याची एक चाळलेली प्रत करायची, जिच्यात 'अॅ'सुद्धा २४१८च होतो. वाचकाच्या शब्दालाही तीच चाळणी लावायची आणि मग ताडायचं. मात्र चाळणी डोळे मिटून लावली तर घात. सातपुड्याच्या 'दऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतात. एक, २३५३ क्रमांकाचा खास 'ऱ' वापरून. दुसरी, साधा 'र', हलन्त, मग ८२०५ क्रमांकाची अदृश्य जोडखूण आणि 'या'. ही खूण दिसत नाही, म्हणजे कचरा असणार, असं समजून काढून टाकली की दरीचा 'दर्या' होतो आणि सातपुड्याला समुद्र लागतो!

अनुस्वारांचं दुखणं वेगळंच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली शेजारच्या धुळ्यातच वारले. १८९८पासून निघालेल्या त्यांच्या ग्रंथमालेचं नाव 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें'. १९६२च्या लेखननियमांनी असले अनुस्वार घालवले, त्यामुळे आजचा विद्यार्थी 'साधने' टाकतो आणि हात हलवत परततो. इथे चाळणीला मराठी व्याकरण शिकवावं लागेल, कारण 'घरांत'वरचा अनुस्वार कधी जुनी शुद्धलेखनाची खूण असतो, कधी अनेकवचन.

यावर कुणी म्हणतं, एआय लावा, आपोआप होईल. अहो, एआयच्या पुढ्यातही याच नोंदी वाढणार ना? आणि खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू वाहायला सगळे हजर असतात. वाहा बापडे. पण रोजचा बॅकअप कोण घेतं, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात.

मॅडमनी २४१८ हा आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि 'अॅनिमिया', 'अॅलोपॅथी' अशी यादी करायला बसल्या. पाचेक मिनिटांनी मान वर केली.

"सर, ऑक्सिजनचं काय?"

नोंद उघडली. 'ऑ'चा क्रमांक २३२१. इथे होते २३१० आणि २३७३, म्हणजे 'आ' आणि वर चंद्र.