अडलेले प्रेम आणि न सापडणारे शब्द

बुद्धीने तल्लख आणि प्रेमात मात्र अडाणी, अशा माणसांच्या प्रेमविनोदाचे आजचे रूप मुख्यतः १९३० च्या दशकातील अमेरिकी चित्रपटांत घडले. एकमेकांशी भांडता भांडता प्रेमात पडणारी जोडपी सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी रंगभूमीवर होतीच. पण त्यांची जीभ धारदार होती आणि आड येत होता तो अहंकार. विद्वत्ताच आड येण्याची कल्पना रुळली ती पुढे.

१९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये नैतिक संहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. शारीरिक जवळीक उघडपणे दाखवता येईना, तेव्हा पटकथाकारांनी ती संवादांच्या वेगात आणि वादावादीत मुरवली. या चित्रपटांना मिळालेले ‘स्क्रूबॉल’ हे नाव बेसबॉलमधले. अपेक्षेच्या उलट वळणाऱ्या चेंडूचा हा शब्द तऱ्हेवाईक माणसालाही लागू झाला. १९३८ च्या अशाच एका चित्रपटातील जीवाश्मशास्त्रज्ञ चार वर्षे डायनासोरचा सांगाडा जुळवतो आहे आणि आता एकच हाड यायचे राहिले आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे लग्न आहे, पण नियोजित वधू मधुचंद्रालाही नकार देते, कारण कामात व्यत्यय नको. आणि तोही ते मान्य करतो. अखेरीस तो सांगाडा कोसळतो, तेव्हा कुठे त्याच्या प्रेमाची कबुली पुरी होते. प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट फारसा चालला नाही, हे आज खरे वाटत नाही.

१९४१ च्या आणखी एका चित्रपटात ज्ञानकोश लिहिणाऱ्या आठ प्राध्यापकांच्या घरात एक गायिका येऊन राहते. त्यांच्यातला भाषातज्ज्ञ रस्त्यावरची बोली टिपून घेतो, पण स्वतःच्या मनातल्या गोष्टीसाठी त्याच्या कोशात नोंद नसते. माझ्या मते या प्रकाराचे मर्म इथेच सापडते.

म्हणूनच अशा पात्रांना सरसकट लावले जाणारे ‘भावनिकदृष्ट्या खुंटलेले’ हे विशेषण मला फसवे वाटते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमधील एका मनोविकारतज्ज्ञाने ‘अलेक्सिथायमिया’ हा शब्द रूढ केला. त्याच्या ग्रीक घटकांचा अर्थ ‘भावनेसाठी शब्द नसणे’ असा होतो. भावनाच नसणे असा नव्हे. खुंटलेल्या माणसावर फार तर हसता येते, पण शब्द न सापडणाऱ्या माणसाची वाट पाहता येते, आणि प्रेमकथा तर वाट पाहण्यावरच चालते.

पुढे मात्र पात्राच्या स्वभावाला वैद्यकीय नाव द्यावे की नाही, हा वाद उभा राहिला. निदान मांडले तर कथेचे रुग्णवृत्त होते; टाळले तर एखाद्याच्या अवस्थेवर नाव न घेता हसल्याचा आक्षेप येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. २०१३ च्या आरंभी आलेल्या एका ऑस्ट्रेलियन कादंबरीने यातून चतुर वाट काढली. पत्नी शोधण्यासाठी प्रश्नावली तयार करणारा तिचा नायक, एक अनुवंशशास्त्रज्ञ, सुरुवातीलाच ॲस्पर्जर सिंड्रोम या स्वमग्नतेशी जवळचे नाते असलेल्या अवस्थेवर व्याख्यान देतो आणि त्यात स्वतःला अजिबात ओळखत नाही. निदान वाचकाच्या हाती पडते, पात्राच्या कपाळी चिकटत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये दाखल झालेले ॲस्पर्जर हे नाव २०१३ च्याच मे महिन्यातील पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र निदान म्हणून उरले नाही. ते स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावले गेले.