लाचेवरचा कर आणि गोव्यातली अर्धी वाटणी

टक्केवारीचा, म्हणजे ठेक्यातल्या लाचेचा, पैसा कायद्याच्या लेखी उत्पन्नच आहे. चलनाच्या तस्करीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तस्करी हाही धंदा मानला आणि जप्त झालेली रक्कम तोटा म्हणून वजा करू दिली. १९९८ मध्ये कायदा बदलला. गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा करता येणार नाही, असे ठरले आणि हा बदल थेट १९६२ पासून लागू केला गेला. तेव्हापासून ठेकेदाराला लाच हिशेबात दाखवता येत नाही. मग ती सल्ल्याची फी, पोटठेका, मातीभराव अशा बिलांत मुरते. पुढाऱ्याच्या हाती पडेपर्यंत कागदावर लाच उरलेलीच नसते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. आयकर कायदा इथे १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला, पण नवरा-बायकोची मालमत्ता १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे सामाईकच राहिली. मग कर कुणाच्या नावावर लावायचा, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर १९९४ मध्ये कलम ५-अ आले, तेही १९६३ पासून लागू. पगार सोडून प्रत्येक उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरायचे. नारळ विकणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या घरांसाठी ही तरतूद न्यायाची आहे. इथे बायको मालमत्तेची खरी भागीदार असते.

पण याच कलमाने पुढाऱ्याच्या 'फी'चा अर्धा भागही बायकोच्या विवरणपत्रात जातो. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातला पाच वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता पाहा. पती आणि पत्नीचे आकडे शेजारी-शेजारी जवळपास सारखे दिसू शकतात. तिने कधी धंदा केला का, हे त्यातून कळत नाही. बागायतीचे उत्पन्न तर करमुक्तच. काजू-सुपारीच्या नावावर किती दाखवायचे, हे मालकाच्या हाती.

२०१५ मध्ये एका अमेरिकी सल्लागार कंपनीने गोवा आणि गुवाहाटीतल्या पाणीप्रकल्पांसाठी मिळून सुमारे ९ लाख ७६ हजार डॉलर लाच दिल्याचे तिकडे कबूल केले. इथे गुन्हा नोंदवला गेला, जाब-जबाब झाले. सगळी चर्चा कुणाला किती मिळाले, यावरच झाली. मिळालेल्या पैशावर कर भरला का, हे विचारणारे फार थोडे होते. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा होता.

कर भरल्याने पैसा स्वच्छ होत नाही, हेही ठरलेले आहे. विवरणपत्रात दाखवले म्हणून मालमत्ता वैध मार्गाची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २०१६ च्या दुरुस्तीने स्रोत न सांगता येणाऱ्या पैशावर तेव्हा सरसकट ६० टक्के कर आणि वर अधिभार आला. दर एकच असल्याने निम्म्या वाटणीने कर कमी होण्याचा फायदा तिथे नाही. मात्र असा सरसकट दर लागतो स्रोत सांगता आला नाही तरच, आणि बिल तर फाइलला लावलेले असते.