विंचवाची 'लस' आणि महाडची गोळी

कोकणात इंगळी दिसायला भयंकर, काळी नि थोराड, पण तिने माणूस सहसा मरत नाही. जीव घेतो तो लहानखुरा तांबडा विंचू. गडग्याच्या चिऱ्यांत, कौलांखाली, उडवीच्या पेंढ्यात त्याचा मुक्काम. १९०० साली कोकणातल्या या विंचवाला 'कोंकानेन्सिस' असं उपजातीचं नावही मिळालं. नाव मिळालं, उपाय नाही. पुढची ऐंशीएक वर्षं उपाय म्हणजे उतारा, उगाळलेली मुळी, फार तर दवाखान्यातलं अ‍ॅट्रोपीन किंवा स्टेरॉइड. त्यातलं अ‍ॅट्रोपीन तर उलटंच पडायचं.

खरी हकीकत सुरू होते १९८०च्या आसपास, महाड परिसरातल्या एका डॉक्टरांपासून. विंचू चावून आलेल्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. नुसती ठणक घेऊन विव्हळणारा बहुधा वाचतो. घामाने निथळणारा, उलट्या करणारा, हातपाय गार पडलेला हातचा जातो. विषातली प्रथिनं मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतात, त्यामुळे शरीर स्वतःचंच अ‍ॅड्रिनॅलिन ओतत सुटतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्या काळी अशा गंभीर रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावत. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्रॅझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती पोटात द्यायला लागल्यावर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. १९८६ साली हे लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

मग आली 'लस', आणि घोळ सुरू झाला. गावात जिला विंचवाची लस म्हणतात ती लस नव्हेच. लस आधी टोचायची असते, आणि संरक्षण शरीर स्वतः तयार करतं. इथे घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेलं प्रतिविष दंशानंतर माणसाला देतात. सापाची बाटली वेगळी, विंचवाची वेगळी. पण एकदा 'लस' म्हटलं की ती मिळाली म्हणजे काम झालं, अशी समजूत होते. आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न 'लस आहे का?' असाच असतो. गोळीची चौकशी सहसा कुणी करत नाही. गोळीला इंजेक्शनचा रुबाब नाही, हेही खरंच.

प्रतिविष भारी की गोळी, हा वाद बरीच वर्षं चालला. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठतं. आधीच सुटलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनचं ते काही करू शकत नाही, असं गोळीवाल्यांचं म्हणणं. २०११ साली महाडचीच एक चाचणी प्रसिद्ध झाली. ७० रुग्ण, अर्ध्यांना फक्त गोळी, अर्ध्यांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२, पहिल्यात ८. 'लस जिंकली' असा याचा अर्थ अनेकांनी लावला. पण गोळी दोन्ही गटांना होती! नुसतं प्रतिविष दिलेला गट त्या चाचणीत नव्हताच. प्रतिविषाने माणूस लवकर उठतो एवढं त्यातून दिसलं, आणि हे काही थोडं नाही. पण गोळी वगळायला त्याने कसलाच आधार मिळत नाही.

रसायनशास्त्राला या विंचवात रस आहे तो निराळ्या कारणाने. १९९० साली तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा केला गेला. पेशींमधली एका प्रकारची पोटॅशियमची दारं तो नेमकी बंद करतो, म्हणून प्रयोगशाळांत हत्यारासारखा वापरला जातो. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. विंचू आपला, नावात आयबेरिया, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा मुलूख.

पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या तांबड्या विंचवांच्या विषाची पुढे तुलना झाली, तेव्हा प्रथिनांचा मेळ सारखा निघाला नाही. त्यामुळे बाटली हातात आली तरी, घोड्याला टोचलेलं विष कुठल्या मुलखातल्या विंचवाचं, हे विचारावंच लागतं.