अद्भुतकथेचा नायक (मराठवाड्यातील कथापरंपरा)

देव, दैत्य, शाप आणि चमत्कार यांनी भरलेल्या दीर्घ वीरकथेतील मुख्य पात्र. त्याच्या हाती दैवी शस्त्र असते, अंगी वरदान असते. पण तेवढ्याने तो नायक होत नाही. मराठवाड्याच्या दंतकथांत आणि गोंधळ-जागरणांत जे नायक टिकले, ते हलक्या जागी राबलेले किंवा चुकलेले आहेत.

पैठणचा शालिवाहन हा कुंभाराघरी वाढलेला पोर. नागराज शेष त्याचा बाप, असे दंतकथा सांगते. मातीचे हत्ती, घोडे, शिपाई घडवून तो खेळत असे. उज्जयिनीचा विक्रम चालून आला तेव्हा त्याच खेळण्यांत जीव आला आणि विक्रमाचा पराभव झाला. इ. स. 78 पासूनच्या शकाचा संबंध अभ्यासक शक-क्षत्रप व कुषाण यांच्याशी लावतात. लोकांनी मात्र तो पैठणच्या या पोराच्या नावावर करून टाकला, आणि कथेच्या दृष्टीने ते रास्तच आहे.

नळदुर्ग-अणदूर आणि नांदेडचे माळेगाव ही खंडोबाची ठाणी. मणि-मल्लांना मारणारा हा देव जागरणात खरा रंगतो तो बाणाईच्या कथेत. म्हाळसेशी सारीपाट हरून तो बारा वर्षे घर सोडतो आणि धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढरे राखतो. दिमडी-तुणतुण्यावर वाघ्या-मुरळी हा भाग रात्र रात्र लांबवतात. दैत्यवध त्यामानाने लवकर उरकतो.

सर्वांत हृदयस्पर्शी कथा माहूरची. परशुराम वडिलांचे पार्थिव आणि आई रेणुका यांना कावडीत घालून कोरी भूमी शोधत येथे आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्याने अंत्यसंस्कार केले, रेणुका सती गेली. आईवाचून तो व्याकूळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली : आई जमिनीतून वर येईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, आणि तोवर वर आलेले मुखच तेवढे राहिले. पृथ्वी निःक्षत्रिय करणारा वीर इथे आईसाठी कासावीस झालेले लेकरू आहे, आणि म्हणूनच तो आपला वाटतो. माहूरच्या गाभाऱ्यात आजही शेंदराने माखलेले मुखच पुजले जाते. त्या मुखाला कुटलेल्या विड्याचा तांबूल दाखवतात आणि तोच भक्तांना प्रसाद म्हणून मिळतो.